काकाच्या दारात सोनं

मन फार जड झालंय, म्हणून तुमच्याशी बोलतोय.

आज शाळेत दसरा साजरा झाला. माझी सहा वर्षांची आर्वी आपट्याची पानं घेऊन घरी आली. "बाईंनी सांगितलंय, मोठ्यांना सोनं द्यायचं आणि पाया पडायचं." आम्हाला दिलं आणि मी अडवायच्या आत शेजारी काकाच्या, म्हणजे माझ्या दादाच्या, दारात गेलीसुद्धा.

शेलू गावची आमची जमीन बिल्डरला विकण्यावरून दादा आणि मी उन्हाळ्यापासून बोलत नाही. ते तिला कुठे ठाऊक!

"काका, सोनं आणलंय!" ती हाका मारत राहिली. आत टीव्ही चालू होता. दादाने खिडकीतून तिच्याकडे पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

परत येऊन म्हणाली, "पप्पा, काका घरात हायत. मला बघितलं पण." मग हळूच विचारलं, "माझं काय चुकलं?"

गेल्या दिवाळीत याच काकाच्या मांडीवर बसून तिने करंज्या खाल्ल्या होत्या. आता दिवाळी तोंडावर आलीय आणि आम्हा दोघांपैकी कुणीच नमतं घेणार नाही, हे मला माहीत आहे.

मी तिला नुसतं जवळ घेतलं. तुम्ही असता तर काय सांगितलं असतं?