अकरापर्यंत मोजलेला पॉज

मधुकर गांगुर्डे गेल्याची बातमी मला स्टोअरच्या फोनवर कळली. टाइम ऑफिसमधला शिपाई बोलत होता. "साहेब, आज गांगुर्डे साहेब..." एवढं म्हणून तो थांबला, आणि मी लगेच म्हणालो, "रजेवर असतील." "नाही साहेब. गेले. पहाटे छातीत दुखतंय म्हणाले, वहिनी पाणी आणेपर्यंत..." पुढचं त्याला बोलता येईना. त्या वेळी मात्र मला शब्द सापडला नाही.

दोन दिवसांनी स्थानिक पेपरात चार ओळी आल्या. 'हौशी नट, पाच-सहा चित्रपटांतून कामं केली.' चित्रपट नऊ होते. त्यांतल्या चारांत श्रेयनामावलीत त्याचं नाव आहे. नऊही चित्रपटांत मिळून तो पडद्यावर तेवीस मिनिटं दिसतो; थिएटरात घड्याळ घेऊन मी ती मोजली आहेत. मुंबईच्या कंपन्यांच्या नाटकांत त्याने सतरा भूमिका केल्या. फौजदार, डॉक्टर, पोस्टमास्तर, मुलीचा बाप, वकील आणि परत फौजदार. सर्वांत मोठी भूमिका चौदा वाक्यांची होती. पेपराची चूक दुरुस्त करावी म्हणून मी कागद घेतला, आणि लक्षात आलं की मला लिहायचंय ते वेगळंच आहे. मधूचं आयुष्य एका दुपारी वळू शकलं असतं. ते वळलं नाही, त्यात माझा वाटा किती, हे मी त्याला बारा वर्षांत एकदाही सांगितलं नाही.

आम्ही एकलहऱ्याच्या वीज केंद्रात एकाच महिन्यात लागलो. मी स्टोअरला, तो टाइम ऑफिसला. कामगारांचं नाट्यमंडळ होतं, त्यात आम्ही दोघं शिरलो. मी स्टेजवर उभा राहिलो की माझे हात कुठे ठेवायचे ते मला कळत नसे, म्हणून मला संहिता देऊन प्रॉम्प्टिंगला विंगेत बसवलं. मधूचं नाक बसकं, आवाज खर्जातला. नायक म्हणून त्याला कोणी विचारलं नाही. सव्विसाव्या वर्षी तो पहिल्यांदा आजोबा झाला. भूमिका मिळाली की तो माणूस शोधायला बाहेर पडायचा. एकदा व्यापाऱ्याचं काम होतं, तर सलग तीन आठवडे विंचूरच्या कांदा बाजारात जाऊन बसला. मी विचारलं, "काय मिळालं एवढं?" म्हणाला, "अरे, लिलावात खरा घेणारा बोलतच नाही. बाकीचे ओरडतात, हा कानातला बोळा काढून नीट बघतो, परत कानात घालतो. अत्तराचा बोळा!" प्रयोगात त्याने एवढंच केलं, आणि सिन्नर-विंचूरकडचे प्रेक्षक हसून लोटपोट झाले.

त्याची खरी ताकद मात्र गप्प राहण्यात होती. वाक्याच्या मध्येच तो असा थांबायचा की पहिल्या रांगेतली माणसं पुढे वाकायची. आणि नेमकं हेच मला सुरुवातीला कळलं नाही. एका स्पर्धेत तो थांबला, मला वाटलं विसरला, आणि मी विंगेतून पुढचे शब्द दिले. ते पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेले. परतीच्या बसमध्ये सगळे चूप होते. मधूच बोलला, अगदी गोड आवाजात. "मंडळी, आपल्या भास्करला काही बोलायचं नाही हं. स्टोअरचा माणूस आहे. रिकामी जागा दिसली की त्याला माल भरावासा वाटतो." बस हसली. ड्रायव्हरही हसला. मीही हसलो. घरी जाऊन संहिता काढली आणि त्याच्या प्रत्येक पॉजवर लाल पेन्सिलीने आकडा लिहिला. तीन म्हणजे मनात तीनपर्यंत मोजायचं, पाच म्हणजे पाच. पुढची चार वर्षं मी एकदाही चुकलो नाही. तोही सगळ्यांना सांगायचा, "भास्कर विंगेत असला की मी निर्धास्त असतो." पण बसमधलं ते हसणं माझ्या मनातून गेलं नव्हतं.

मग मुंबईचे एक निर्माते नाशिकला आमचा प्रयोग बघायला आले. रविवार दुपारचा प्रयोग होता. नव्या नाटकातल्या म्हाताऱ्या न्यायाधीशाच्या मुख्य भूमिकेसाठी त्यांना नट हवा होता, आणि कोणीतरी मधूचं नाव सुचवलं होतं. काम मिळालं असतं तर मधू नोकरी सोडणार होता. वहिनींची तयारी होती. सगळ्या मंडळाला हे ठाऊक होतं. मेकअप करताना तो मला म्हणाला, "दुसऱ्या अंकातलं भाषण नीट गेलं की झालं रे." ते भाषण सव्वा पानाचं होतं. त्याच्या आधी एक पॉज होता, आणि त्यावर माझ्या लाल पेन्सिलीचा पाचाचा आकडा.

पाच झाले. सहा झाले. सातला त्याने मान जराशी विंगेकडे वळवली. त्याला पुढचं काहीच सापडत नव्हतं, हे मला विंगेतल्या बल्बच्या उजेडात त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसलं. त्याला फक्त तीन शब्द हवे होते, आणि माझं बोट त्या शब्दांवर होतं. आठ... नऊ... माझ्या मनात आलं, रिकामी जागा आहे ना, राहू दे रिकामी. हे असंच्या असं मनात आलं, मी त्याला दुसरं रूप देत नाही. अकराला, मुलाचं काम करणाऱ्या जोशीने प्रसंग सावरायला पुढचं वाक्य घेतलं. ते भाषणानंतरचं वाक्य होतं. सव्वा पान उडालं. प्रेक्षकांना काही कळलं नाही, टाळ्या नेहमीइतक्याच पडल्या. निर्माते नंतर आत आले, मधूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चेहरा चांगला आहे. छोटंमोठं काही असलं की कळवतो." त्यांनी शब्द पाळला. मी वर सांगितलेल्या सतरा भूमिका त्यातूनच आल्या.

त्या दिवशी मधू जोशीला म्हणाला, "वाचवलंस रे." मला तो काही बोलला नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की माझ्याकडे आकडा होता, त्यात तो किती वेळ थांबणार हे मी कसं ओळखणार. हेच मी घरी बायकोला, मंदालाही सांगितलं. आठवड्याने रविवारी सकाळी साडेनऊला मधू आमच्या क्वार्टरवर आला आणि हातात कागद ठेवून म्हणाला, "वाक्यं धर जरा, मी म्हणतो." दोन वाक्यं होती. एवढ्यासाठी तो सायकलवरून आला होता. पुढे तो दर रविवारी येत राहिला. शूटिंग किंवा दौरा असला तरच चुकायचा. काम नसेल तेव्हा जुनी वाक्यं म्हणायचा. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

तो गेल्यानंतर सहाव्या आठवड्यात मी वहिनींकडे गेलो. मुलगी कामावर गेली होती, घरात त्या एकट्याच होत्या. भिंतीवर बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोखाली मधूचा फोटो लावला होता, फौजदाराच्या वेशातला. वहिनी म्हणाल्या, "साधा फोटोच नाही हो त्यांचा धड." मी ठरवूनच गेलो होतो. सगळं सांगितलं, बसमधल्या हसण्यापासून अकरापर्यंत.

त्या पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"त्याच दिवशी घरी येऊन बोलले. म्हणाले, मी विंगेकडे बघितलं. त्याचं बोट बरोबर माझ्या वाक्यावर होतं, आणि तोंड बंद. दोन दिवस नीट जेवले नाहीत. आणि पुढच्या रविवारी बघते तर शर्ट घालून तयार. मी भडकले. म्हटलं, त्या माणसाच्या दारात कशाला जाता? तुम्हाला काही लाज? तर म्हणाले, मी त्याला विचारणार नाही. पण तो हिशेबाचा माणूस आहे, अर्धवट ठेवणार नाही. एक दिवस आपण होऊन सांगेल."

मला वहिनींकडे बघवेना. "मग नंतर कधी काही बोलला?"

"पहिली दोन-तीन वर्षं मी विचारायचे, सांगितलं का? मग विचारायचं सोडलं."

घरी येऊन मी हिशेब केला. शूटिंग, दौरे, माझे गावाला जाण्याचे दिवस वजा केले तरी साडेचारशेच्या आसपास रविवार होतात. आमच्या खिडकीजवळ वेताची खुर्ची आहे, तिच्यावर तो बसायचा. दोन वाक्यं म्हणून व्हायला एक मिनिटही लागायचं नाही. कागद मी परत द्यायचो, तो घडी करून खिशात ठेवायचा, आणि मग काही न बोलता माझ्याकडे बघत थोडा वेळ तसाच बसून राहायचा. मला वाटायचं, चहाची वाट बघतोय. मी आत वळून हाक मारायचो, "मंदा, चहा टाक गं."