काकूंची जिन्यावरची सिगारेट

शिवणकाकूंना साठीच्या घरात सिगारेटची सवय लागली. धाकट्या बहिणीच्या मते त्याला कारण एकच, इमारतीतली आपली माणसं गेली. ती फार खोटं बोलत नव्हती, फक्त ते फोनवर ओरडून सांगायची.

काकू कपडे दुरुस्त करून द्यायच्या. पँट आखूड करायची, बिघडलेली चेन बदलायची, माणूस अंगानं भरला की त्याच्या कोटाच्या शिवणी उसवून सैल करायच्या. राहायची खोली तेच दुकान, नवरा असल्यापासून. तेव्हा अख्खी इमारत आपल्याच भाषेची होती. बायकांनी सिगारेट ओढणं तर सोडाच, पुरुषही कोपऱ्यापलीकडे जाऊन ओढायचे आणि काहीतरी चघळत परत यायचे. दारादाराला डोळे होते. काकूंच्या नवऱ्यानं एकदा गच्चीत ओढली, तर तो खाली उतरायच्या आत ती बातमी दोन-तीन बायकांनी काकूंना सांगून झाली होती.

मग एकेक बिऱ्हाड हललं. कुणी मुलाकडे गेलं, कुणी नव्या वस्तीत. रिकाम्या खोल्यांत दुसऱ्या मुलखातली, दुसऱ्या भाषेची माणसं आली. माणसं वाईट नव्हती. काकूंची जड पिशवी न सांगता वर आणून ठेवायची. पण बोलणार काय आणि कसं? त्यांच्या बायका दुपारी जेवणं उरकली की काकूंच्या दारापुढच्या पायऱ्यांवर बसून सिगारेटी ओढायच्या. सासू-सुना मांडीला मांडी लावून. पहिल्या दिवशी काकूंनी दार लावून घेतलं. पुढे मात्र त्यांचं पायपुसणं नेमकं त्याच वेळी झटकायला यायला लागलं.

असंच एकदा समोरच्या उंच बाईनं सरकून जागा केली आणि पाकीट पुढं धरलं. कुणी काही पुढं केलं की परत लोटायचं नाही, देणाऱ्याचा अपमान होतो, हे काकूंच्या अंगात लहानपणापासून भिनलेलं. त्यांनी घेतली. त्या लोकांत पाकीट पुढं करणं ही नुसती रीत होती, नको म्हटलं असतं तरी कुणाला काही वाटलं नसतं. हे काकूंना कळलं तेव्हा पुष्कळ उशीर झाला होता. कळलं असतं तरी त्यांनी नको म्हटलं असतं का, कोण जाणे. इतक्या वर्षांत त्यांच्यासाठी कुणी सरकलं नव्हतं.

भाषेवाचून फार अडलं नाही. सून कशी आळशी आहे हे हातवाऱ्यांनीही सांगता येतं. नवऱ्याच्या चालण्याची नक्कल कुठल्याही भाषेत कळते. काकू हसून हसून ठसकायच्या, उंच बाई पाठ चोळायची. मग तो ठसका जिन्यावरून उठून काकूंबरोबर घरात आला आणि राहिलाच.

डॉक्टर म्हणाले, "आजी, सिगारेट तरी ओढा नाहीतर श्वास तरी घ्या. दोन्ही जमायचं नाही."

बहिणीला हे सांगावंच लागलं.

"तू ओढतेस?" बहीण म्हणाली. "आईनं तुला लाटण्यानं बडवली असती."

"आई असती तर मी जिन्यावर कशाला बसले असते?"

"मग ये ना इकडे. इथे सगळी आपली माणसं आहेत."

"तुला भेटतात का?"

"भेटतात की. लिफ्टमध्ये."



सिगारेट सुटेल, याची काकूंना खात्री होती. पायऱ्या सुटतील, याची धास्ती होती. दोन-तीन दुपारी त्या आतच बसल्या. मग धीर करून बाहेर गेल्या, आणि पाकीट पुढं आल्यावर छातीवर हात ठेवून मान हलवली. उंच बाईला लगेच उमगलं. तिनं स्वतःची सिगारेट पायरीवर चिरडली आणि बाकीच्यांकडे पाहिलं. त्यांनीही विझवल्या. काकूंना भरून आलं.

पण मग कुणाला काही सुचेना. रिकाम्या हातांचं काय करायचं, तेच कळेना. सिगारेट संपेपर्यंत बसायचं, अशी ती बैठक होती. संपवायला काही उरलं नाही, तेव्हा एकीला दुधाची आठवण झाली, दुसरीला कपड्यांची. उंच बाई शेवटपर्यंत काकूंजवळ बसली, त्यांचा गुडघा थोपटला आणि गेली. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या खालच्या मजल्याच्या पायऱ्यांवर बसल्या, आजारी माणसाला धूर नको म्हणून.

काकू खाली उतरल्या. त्यांना पाहताच बोलणं थांबलं. सगळ्यांनी हात पाठीमागे नेले, थोरलं माणूस आलं की धाकट्यांनी न्यावेत तसे. उंच बाई जागा द्यायला उठूनच उभी राहिली. आदरच तो. काकूंनी हसून, पेटीतून टपाल घ्यायला आल्यासारखं दाखवलं आणि वर आल्या.

तेव्हापासून दुपारी त्या जिन्याकडे जात नाहीत. गेलं तर त्या बिचाऱ्यांना सिगारेट विझवावी लागते. मशीन तेवढं खिडकीजवळून दारापाशी आणलंय. उजेड कमी, सुईत दोरा ओवताना डोळे ताणावे लागतात. दार बोटभर उघडं ठेवतात. खालून हसण्याचा आवाज आला की पायडलवरचा पाय थांबतो. कुणाची नक्कल चालली असेल, ते त्या आवाजावरून ओळखू बघतात. मग हसू विरतं, दारं लागतात, आणि काकू पुढची शिवण घालायला घेतात.