बंद पडायचा थांबलेला बॉयलर

सौदीतल्या हाइलला थंडीच्या दिवसांत सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाची साय धरते, हे बाणकोटच्या खाडीकाठी सांगून कुणाला पटत नाही. सुरैयालाही लग्न होऊन इथे येईपर्यंत पटलं नव्हतं. तिचा नवरा तल्हा गव्हाच्या कंपनीत गोदाम सांभाळायचा. सकाळी जायचा तो संध्याकाळीच उगवायचा. पोटी मूल नव्हतं. मग इस्पितळात नर्स असलेल्या आपल्याकडच्या बायका ड्यूटीवर जाताना आपली लहानगी तिच्याकडे सोडू लागल्या आणि बघता बघता ते घर पोरांचंच होऊन गेलं. सगळी तिला खाला म्हणायची.

यासीन तिचा धाकटा भाऊ. आई त्याच्या बाळंतपणातच गेली, तेव्हा परकर-पोलक्यातल्या सुरैयानेच त्याला मांडीवर घेतलं होतं. पुढे तल्हाच्या मागे लकडा लावून तिने त्याला इकडे बोलावून घेतलं. यासीन नळजोडणी शिकला, गीझर-बॉयलर दुरुस्त करू लागला. त्याच्या कफीलची, म्हणजे ज्याच्या नावावर तो इथे राहत होता त्या मालकाची, शहरात बरीच घरं भाड्याने दिलेली होती आणि त्या सगळ्यांची देखभाल यासीनकडे होती. सुरैयाचं घरही त्याच कफीलचं. यासीननेच ते बघून दिलं होतं. "आपा, काही लागलं तर मी आहेच की," असं म्हणाला होता.

घर जुनं, पण मोठं होतं. स्वयंपाकघराला लागून एका खोलीत गॅसचा बॉयलर होता. तो पाणी तापवायचा आणि ते पाणी भिंतीलगतच्या लोखंडी नळ्यांतून फिरून खोल्या उबदार ठेवायचं. त्या वर्षी थंडी सुरू होताच बॉयलर रुसू लागला. चालता चालता बंद पडायचा, लाल दिवा लागायचा. सुरैया बटण दाबायची, तो थोडा वेळ चालायचा, पुन्हा बंद. पोरं गारठून तिच्या ओढणीत शिरायची. तिने यासीनला बोलावलं. त्याने झाकण उघडलं, आत काहीतरी खटपट केली आणि झाकण लावून टाकलं. त्यानंतर बॉयलर एकदाही बंद पडला नाही. सुरैयाने त्या दिवशी सांदणं केली, भावाला पोटभर वाढली आणि उरलेली त्याच्या घरी बांधून दिली.

थोड्याच दिवसांत यासीनची बायको सादिया हिने आपल्या मुलीला, दुआला, आत्याकडे पाठवायचं बंद केलं. आता तिला शाळेची सवय लागायला हवी, असं तिचं म्हणणं. सुरैयाला वाईट वाटलं. पण भावजयीचे चार बोल सोसायचे असतात, असं म्हणून तिने ते मनावर घेतलं नाही.

तिचं डोकं दुखायला लागलं ते त्याच सुमारास. आधी तिला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. मग वाटलं रक्तदाब. पोरंही पेंगुळलेली असायची, खेळ टाकून गादीवर लवंडायची. त्यांच्या आया उलट खूश होत्या, खालाकडे पोरं कशी शहाण्यासारखी झोपतात म्हणून. शुक्रवारी तल्हा तिला शहराबाहेर मित्राच्या मळ्यावर घेऊन गेला, तेव्हा मात्र दुपारपर्यंत तिचं डोकं स्वच्छ झालं. घरी परतल्यावर तासाभरात पुन्हा ठणकू लागलं. पुढच्या शुक्रवारीही तेच. दुखणं माझ्यात नाही, घरात आहे, हे तिच्या मनात आलं ते तेव्हा.

मग ती घराकडे नीट बघू लागली. खिडक्यांच्या काचा आतून घामेजलेल्या असायच्या. बॉयलरच्या माथ्यावर, जिथून धुराड्याचा नळ वर जातो तिथे, भिंतीवर काजळीचा ओघळ आला होता. झाकणाच्या भोकातून आत डोकावलं तर ज्योत पिवळी, आळसावलेली. तिच्या शेगडीची ज्योत निळी असायची आणि कधी पिवळी झाली की भांडी काळी पडायची, एवढं तिला ठाऊक होतं. तिने यासीनला फोन केला. तो म्हणाला, हल्ली गॅसच हलका येतो, तू उगाच घाबरतेस. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "पण खिडकी थोडी उघडी ठेवत जा." एवढ्या थंडीत खिडकी कशाला, असं तिने विचारायच्या आत फोन बंद झाला होता.

दोन दिवसांनी सकाळी उझमाचा झैद उठेना. उझमा महाडकडची, मुलाला सोडून पहाटेच ड्यूटीवर गेली होती. सुरैयाने त्याला हाका मारल्या, गालांवर पाणी मारलं. पोर मान टाकून पडलेलं, ओठाशी उलटीचा ओघळ. तिने झैदला उचललं, बाकीच्यांना ओढत, ढकलत अंगणात काढलं, घोंगड्या त्यांच्या अंगावर टाकल्या आणि नाक ओढणीत गच्च धरून परत आत जाऊन गॅसचा कॉक बंद केला. बाहेरच्या बोचऱ्या वाऱ्यात झैदने डोळे उघडले आणि रडायला लागला. आयुष्यात कुणाचं रडणं तिला इतकं गोड लागलं नव्हतं.

इस्पितळात रक्त तपासलं, तेव्हा मुलांच्या आणि तिच्याही रक्तात विषारी वायू सापडला. जळणं अर्धवट झालं की होणारा, ना रंग ना वास. सिव्हिल डिफेन्सची, म्हणजे इथल्या अग्निशामक दलाची, माणसं घरी आली. छपरावर धुराड्यात कबुतरांनी घरटं करून तोंड बुजवलं होतं. धूर वर जाईना, खोलीत उलटा फिरे. असं झालं की बॉयलर आपोआप बंद व्हावा म्हणून आत एक छोटा पुर्जा असतो. त्याच्या दोन वायरी काढून एकमेकींना पीळ देऊन जोडल्या होत्या, वर काळी टेप. बॉयलर बंद पडून पडून सांगत होता, आणि कुणीतरी त्याचं तोंड दाबलं होतं.

हे कुणी केलं, असं अधिकाऱ्याने विचारलं. सुरैया म्हणाली, थोडा वेळ द्या.

यासीन आला तो मान खाली घालूनच. अंगणात उभा राहिला. सुरैयाने वायरींबद्दल काही विचारलंच नाही.

"दुआला माझ्याकडे पाठवायचं कुणी बंद केलं? सादियाने की तू?"

तो म्हणाला, "मी."

मग त्याला बोलणं सुटलं. धुराडं बुजलंय हे त्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं. धुराड्याचा नळ इतका गंजलेला की साफ करायला गेलं तर तुटला असता, मग जुन्या बॉयलरसकट सगळंच बदलावं लागलं असतं. कफील म्हणाला, एवढा हिवाळा ढकल, उन्हाळ्यात बदलू. त्याला नाही म्हणणं म्हणजे इकाम्यावर, इथे राहायच्या परवान्यावर, पाणी सोडणं. काही होणार नाही असं वाटलं. फक्त दुआपुरतं मन धजावलं नाही.

"मला सांगायचं होतंस."

"तू लगेच बोभाटा केला असतास, आपा."

"केला असता," ती म्हणाली. "म्हणूनच सांगायचं होतंस."

ती आत गेली आणि अधिकाऱ्याला भावाचं नाव सांगितलं. कफीलचंही सांगितलं. मग एकेका आईला स्वतः फोन करून जे झालं ते सांगितलं, काही लपवलं नाही. उझमाने शिव्या दिल्या, रडली, फोन आपटला. पोरं सांभाळायचं काम त्या दिवशीच संपलं. तसाही त्याला परवाना नव्हता.

कफीलने हात झटकले. माझा माणूस म्हणाला ठीक आहे, मी विश्वास ठेवला, असं त्याने सांगितलं. त्याच्यावरही ठपका आला, घर रिकामं करून टाळं लागलं, पण नोकरी गेली ती यासीनची. चौकशी संपल्यावर त्याला बायको-मुलीसह मायदेशी पाठवलं. गावाहून चुलत्यांचे फोन आले. सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिलास, पोरं तर वाचली होती ना, मग नाव कशाला सांगितलंस. झैदचं नाव एकानेही विचारलं नाही. सुरैया ऐकून घ्यायची. आपण वाढवलेला भाऊ आणि आपल्याला ओळखणारं गाव, दोन्ही एकाच हिवाळ्यात हातचं गेलं, असं ती तल्हाला एकदाच म्हणाली.

आता ती दोघं विजेचे हीटर असलेल्या छोट्या फ्लॅटमध्ये राहतात. उझमा रमजानात येऊन गेली, झैदला घेऊन. दोघी फारसं बोलल्या नाहीत, पण झैद तिच्या मांडीवर बसून खजूर खात राहिला.

ईदला यासीनचा फोन आला. सलाम झाला. तिकडे थंडी आहे का अजून, असं त्याने विचारलं. सुरैयाने "आहे" म्हटलं, आणि फोन तल्हाच्या हातात दिला.