दोन शब्द ऐकायला बारवीच्या पलीकडे

बदलापूरजवळ एका दिवसात होईल अशी सहल सुचवा, असं या ब्लॉगवर कोणी ना कोणी विचारतच असतं. कोंडेश्वरवर माझं लिहून झालंय, बारवी धरणावर झालंय, वांगणीकडच्या ओढ्यांवरही झालंय. आज लिहितेय त्या प्रवासाला मात्र सहल म्हणायला माझी जीभ रेटत नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. रस्ता देखणा होता, जेवण चांगलं मिळालं आणि येताना माझं डोकं असं भणभणत होतं की शेजारच्या बाईने खिडकीची जागा मला देऊन टाकली. तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर रस्त्याची माहिती खाली आहेच. बाकीचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

आम्ही तेव्हा विठ्ठलवाडीला चाळीत राहत होतो. माझा नवरा विजय अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होता. तो बारवीच्या पलीकडच्या एका ठाकरवाडीतला. बुधवारी जन्मला म्हणून घरी त्याचं नाव बुध्या, आणि सोमवारी जन्मली म्हणून त्याची मोठी बहीण सोमी. आश्रमशाळेत घातला तेव्हा अधीक्षकांनी बुध्याचा विजय केला. आश्रमशाळा म्हणजे आदिवासी मुलांना घरापासून लांब ठेवून, जेवूखाऊ घालून शिकवणारी निवासी शाळा. या शाळेचं नाव मी लिहिणार नाही, कारण मग खाली कॉमेंटमध्ये भांडणं सुरू होतील.

शाळेत नळाशी स्वतः अधीक्षक उभे राहायचे. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. ठाकरांच्या बोलण्यात पाण्याला पानी म्हणतात. गुरुजींचा नियम असा की ज्याला ‘ण’ येतो त्याला पाणी. ज्याला येत नाही त्याने बाजूला उभं राहून म्हणत राहायचं, येईपर्यंत. सात वर्षांचं पोर भर उन्हात नळासमोर उभं राहून ‘पानी, पानी’ करतंय आणि नळाचं पाणी मोरीत वाहून जातंय, हे विजयने मला लग्नानंतर बऱ्याच काळाने सांगितलं, तेही हसत हसत, गंमत म्हणून. मला हसू आलं नाही. आमच्या लग्नाला माझ्या आईचा कडाडून विरोध होता आणि शेवटी तिने मन मोठं केलं ते एवढं म्हणून की, मुलगा ठाकर असला तरी बोलतो मात्र अगदी शुद्ध. ते शुद्ध बोलणं कुठून आलं ते तिला ठाऊक नव्हतं.

दुसरी गोष्ट त्याने हसत सांगितली नव्हती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, ऐन पावसाळ्यात त्याची आई तापाने गेली. सोमी आणि तिचा मामा डोंगर उतरून निरोप घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत आले. तपासणीला साहेब येणार होते आणि पटावरची मुलं कमी दिसली तर अनुदान कापलं जाईल, म्हणून गुरुजींनी त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. विजयला काही कळलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत तो धावत घरी गेला आणि ‘आय, आय’ करत झोपडीत शिरला. सोमी चुलीपाशी बसली होती. तिने सांगितलं तेव्हा त्याला कळलं.

तर एक दिवस पोस्टाने पत्रिका आली. त्याच्याबरोबरच्या काही मुलांनी, जी आता बाप्ये झाली होती, संस्थेकडे जाऊन सांगितलं होतं की शाळेत आम्ही जे भोगलं त्याबद्दल एकदा समोरासमोर बसून बोलू. संस्थेने मान डोलावली आणि ‘सन्मान आणि सलोखा मेळावा’ असं नाव काढून पत्रिका छापून टाकली. कार्यक्रमात एक ओळ होती : गुरुजी दोन शब्द बोलतील. विजयने त्या ओळीवर बोट ठेवलं.

‘दोनच शब्द हवेत मला,’ तो म्हणाला. ‘माझं चुकलं. एवढंच.’

मी म्हटलं, अहो, भाषणाला दोन शब्द म्हणायची पद्धत असते. त्याने ऐकलं नाही. शनिवारी आम्ही उल्हासनगरला कॅम्प चारच्या बाजारात त्याच्यासाठी शर्ट घ्यायला गेलो. सिंधी दुकानदाराने तयार शर्टांच्या घड्या उलगडत विचारलं, ‘साईं, घर में शादी है क्या?’ विजय म्हणाला, शाळेत जायचंय. दुकानदार हसला आणि त्याने भाव उतरवला. विजयने पांढरा शर्ट घेतला, शाळेच्या गणवेशासारखा. हे घरी आल्यावर माझ्या ध्यानात आलं.

रविवारी सकाळी निघालो. होळी नुकतीच होऊन गेली होती. तुम्हाला सांगते, उल्हासनगरहून निघणार असाल तर घरून न्याहारी करून निघू नका. दाल-पकवान कागदात बांधून घ्या. पकवान कडक असतं, एसटीच्या धक्क्याने त्याचा चुरा होतो, पण डाळीत कालवून तो चुराही छान लागतो. विठ्ठलवाडी डेपोतून आम्ही बदलापूरची एसटी धरली. अंबरनाथ येईपर्यंत नुसता धूर आणि पत्र्याच्या शेड. अंबरनाथला पूर्वेकडे पालेगावच्या बाजूला तेव्हा भातखाचरं होती. आता तिथे टॉवर उभे आहेत, जुनं काही शोधायला जाऊ नका. विजयने खिडकीतून आपल्या कारखान्याची चिमणी दाखवली. चिमणी त्याने मला याआधी कितीदा तरी दाखवली होती. त्या दिवशी त्याला बोलायला काहीतरी हवं होतं.

बदलापूरला उतरून पश्चिमेला मुरबाडकडे जाणारी बारवीवरून जाते ती गाडी घ्यायची. गाड्या कमी असतात, चुकली तर दुपार झाली समजा. स्टॅंडवरचा वडापाव ठीकठाक आहे, चहा मात्र घेऊ नका. धरणाच्या पुढे रस्ता जंगलातून जातो आणि त्या दिवसांत पळस नुसता पेटलेला होता. मी पहिल्यांदाच त्या रस्त्याने चालले होते, कारण लग्नानंतर सासरची माणसंच आमच्याकडे येत, विजय स्वतः होऊन वाडीवर जायचं नाव काढत नसे. मी पळस बघून हरखले आणि त्याला बोट करून दाखवायला लागले. तो ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होता. काय म्हणताय विचारलं तर म्हणाला, काही नाही, आभाराचं पाठ करतोय. मेळाव्यात आभारप्रदर्शन त्याच्याकडे दिलं होतं, कारण त्याचं मराठी सगळ्यांत स्वच्छ.

फाट्यावर सोमी उभी होती. तिच्या अंगावर धुतलेलं लुगडं आणि हातात पाण्याने भरलेली कळशी. त्या फाट्यापासून शाळेपर्यंत चढ आहे आणि वाटेत पाण्याचा थेंब मिळत नाही, तेव्हा तुम्ही गेलात तर बाटली भरून न्या. सोमीने भावाकडे बघितलं, शर्टाकडे बघितलं आणि म्हणाली, ‘बुध्या, आलास ता बरा केलास. पानी पी आधी.’

तो प्यायला. मीही प्यायले. सोमीला मी विचारलं, तुम्ही येणार ना मेळाव्याला? ती म्हणाली, फाटकापर्यंत येते, मला आत जायची सवय नाही. मी तिचा हात धरून तिला आत नेलं. मांडवात गावातल्या बाया मागे सतरंजीवर बसल्या होत्या, त्यांच्यात ती बसली.

शाळा रंगवलेली होती. फळ्यावर रंगीत खडूने सुस्वागतम. व्यासपीठावर खुर्च्या, समोर आम्ही. पत्रिकेत लिहिलं होतं की माजी विद्यार्थ्यांचा सन्मान होईल. तो झाला, पण घाऊक. नावं घेत बसायला वेळ नाही म्हणून सगळ्यांना एकदम उभं केलं, टाळ्या वाजवल्या आणि बसवलं. मग संस्थेच्या सचिवांनी जाहीर केलं की आज दुग्धशर्करा योग आहे, आपले गुरुजी यंदा पंच्याहत्तरीत पदार्पण करताहेत. शाल आली, श्रीफळ आलं, तसबीर आली. ज्यांनी भोगलं त्यांच्यासाठीचा मेळावा, आणि शाल कोणाच्या खांद्यावर, तर नळावर उभं राहणाऱ्याच्या. मी विजयकडे बघितलं. तो म्हणाला, थांब, अजून ते बोलायचे आहेत.

गुरुजी बोलले. म्हातारे झाले होते, आवाज मात्र खणखणीत. दोन शब्द चांगले तासभर चालले. सुरुवातीला इथे कसं रान होतं, मुलं कशी लंगोटीवर यायची, त्यांना कपडा कसा घातला, साबण कसा दाखवला. मी कडक होतो, म्हणाले, पण आईच्या मायेने कडक होतो. त्यांना ते खरंच वाटत होतं, आणि मला त्याचाच सगळ्यांत जास्त संताप आला. खोटं बोलणाऱ्या माणसाला निदान खरं काय ते माहीत असतं. शेवटी म्हणाले, कोणाच्या मनात काही अढी असेल तर आज काढून टाका, मी तुम्हा सगळ्यांना क्षमा केली आहे.

टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. सलोखा झाला, असं सचिवांनी माइकवर सांगितलं आणि आभारासाठी विजयला बोलावलं.

तो उठला. शर्ट पाठीला चिकटला होता. सुरुवात त्याने रीतसर केली : अध्यक्ष महोदय, मांडववाले, माइकवाले, स्वयंपाक करणाऱ्या मावशी. ऐकणारे उठायच्या तयारीत होते, चपला शोधत होते. तो थांबला नाही, त्याच आवाजात पुढे बोलत राहिला.

‘ज्या मुलांना ण यायचा, त्यांचे मी आभार मानतो. ती पुन्हा पुन्हा रांगेत उभी राहायची आणि आपल्या पेल्यातलं पाणी आम्हाला द्यायची. माझ्या बहिणीचे आणि मामाचे आभार. माझी आई वारली तेव्हा निरोप घेऊन ते पावसात या फाटकापर्यंत आले होते. आणि गुरुजींचे आभार. त्यांनी तो निरोप ऐकून घेतला.’

एवढंच बोलून त्याने हात जोडले. मागे बायांमध्ये सोमीने पदर तोंडावर घेतला. चपला शोधणारे पुन्हा खाली बसले, आणि मला वाटलं, आता गुरुजी उठतील. ते उठायला लागलेही होते. तेवढ्यात सचिवांनी टाळ्या वाजवल्या, कारण आभार झाले की टाळ्या वाजवायच्या असतात, आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. राष्ट्रगीत झालं. जेवणाची पंगत बसली.

विजय जेवायला न बसता गुरुजींच्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहिला. मी त्याच्या मागेच होते. गुरुजींनी चष्मा वर करून त्याच्याकडे निरखून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

‘विजय ना तू? किती छान बोललास रे,’ ते म्हणाले. ‘एकही ण चुकला नाही.’

विजय खाली वाकला आणि त्यांच्या पाया पडला. त्या क्षणी मला त्याचा राग आला, हे लपवून काय करू. त्याला दंडाला धरून बाहेर ओढावंसं वाटलं. पण उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा बघून मी हात मागे घेतला. लहानपणापासून त्या माणसासमोर आलं की वाकायचं, हे त्याच्या पाठीने आपलं आपणच केलं होतं.

शाळेतली पंगत सोडून आम्ही सोमीकडे जेवलो. नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी आणि उकडलेल्या वालाची उसळ. इतकं चांगलं जेवण मी त्या भागात पुन्हा कुठे जेवले नाही, पण हॉटेल म्हणून पत्ता विचाराल तर नाही. सोमीने मेळाव्याचा विषय काढला नाही. निघताना तिने विजयच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला एवढंच म्हणाली की याला एकटा ठेवू नको.

परतीच्या गाडीत खिडकीतली जागा कशी मिळाली ते वर सांगितलंच. पळस तेच होते, मला बघवत नव्हते. मी गुरुजींना, सचिवांना, त्या शालीला मनसोक्त शिव्या घालून घेतल्या. विजय ऐकत होता. बदलापूर जवळ आल्यावर तो म्हणाला, ‘माझा ण त्यांच्या लक्षात होता, सुनंदा. आय नव्हती.’

बदलापूरला आम्ही गाडी बदलली आणि विठ्ठलवाडीची एसटी धरली.

प्रवासातून काय घेऊन आलो, असं अशा लेखाच्या शेवटी लिहायचं असतं. मी काहीच घेऊन आले नाही. गुरुजी पुढे दोनेक वर्षांत गेले, आणि ते दोन शब्दही त्यांच्याबरोबर गेले. मेळाव्याचा फोटो आम्हाला पोस्टाने आला, त्यात विजय हात जोडून उभा आहे आणि खाली छापलंय : आभार मानताना. ‘मनातली अढी काढून टाका’ असं हल्ली कोणी सहज म्हणालं की मी तिथून उठते.

एक मात्र बदललं. त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर विजय पलंगावर टेकला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘सुनंदा, जरा पा...’ आणि अडखळला. लग्नापासून तो पाणी मागताना एक क्षण थांबतो, हे मला माहीत होतं. मला ती त्याची बोलण्याची लकब वाटायची, मी तिची नक्कलही करायचे. त्या दिवशी मला दिसलं की तो जीभ टाळूला लावून तपासून घेत होता, येतोय का. मी शब्द पुरा होऊ दिला नाही, तांब्या त्याच्या हातात दिला.

आता त्याचे केस पांढरे झालेत. आमच्या घरी आलेले लोक म्हणतात, तुमच्याकडे जागोजाग भरलेले तांबे का ठेवलेले असतात? मी म्हणते, सवय आहे. या घरात त्याला पाणी मागावं लागत नाही.