मला अंडं नको, वरणातली डाळ हवी

मैत्रिणींनो, डोकं भडकलंय, म्हणून दुपारची भांडी तशीच टाकून लिहायला बसलेय.

सकाळी देवास गेटजवळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या जेवणात प्रोटीन कमी पडतंय. घरी येऊन सांगितलं, तर जिमला जाणाऱ्या दिराने जेवता जेवता ज्ञान दिलं, "वहिनी, रोज दोन अंडी खा, बस, हो गया!" मटणाच्या काय, अंड्याच्या वासानेही मला उलटी येते, हे त्याला पक्कं माहीत आहे. सासूबाई म्हणाल्या, "औषध समजून गिळ."

आणि हे ज्ञान देताना दीर स्वतः काय करत होता? पातेल्यात तळापर्यंत डाव घालून वरणातली घट्ट डाळ स्वतःच्या भातावर ओढत होता! मग नवरा, मग मुलं. सगळे उठल्यावर सासूबाईंनी नेहमीसारखं उरलेल्या वरणात ग्लासभर गरम पाणी ओतलं. "आपल्या दोघींना पुरेल."

म्हणजे रोज पिवळं पाणी प्यायचं आम्ही, आणि अंगात काही उरलं नाही की अंडीही आम्हीच गिळायची?

तुमच्या घरी पाणी घातलेलं वरण कोणाच्या ताटात पडतं? खरं सांगा.

आज रात्री मी वरण तळापासून ढवळून आधी सासूबाईंना आणि मला वाढणार आहे. ज्याला कमी पडेल, त्याने दोन अंडी खावीत, बस, हो गया!