न लागलेले रक्त

तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहिणे हा माझा व्यवसाय. शिक्षण अर्धवट राहिले, तरी माझ्या मसुद्यातला शब्द खोडण्याची वेळ सहसा कोणा साहेबावर आलेली नाही. देवळालीच्या शेताचा बांध सरकवून जमीन घेतली म्हणून थोरल्या भावाविरुद्ध मी केलेला अर्जही असाच निर्दोष होता. त्यानंतर दादा माझ्याशी बोलला नाही.

यंदा नगरच्या इस्पितळात त्याची बायपास ठरली. आमचा रक्तगट एकच. मी खजूर आणि बीट खाऊ लागलो, आणि तो शुद्धीवर आल्यावर उच्चारायचे वाक्यही घोळवून ठेवले : आता तुझ्या अंगात माझे रक्त आहे.

शस्त्रक्रियेच्या सकाळी बाही वर सारून मी डॉक्टरबाईंपुढे उभा राहिलो.

“काका, रक्त राखून ठेवलंय, पण ते द्यावं लागू नये हीच आमची धडपड. म्हणून तर आधी लोहाची इंजेक्शनं दिली. ऑपरेशनमध्ये सांडलेलंही यंत्रात धुऊन त्यांनाच परत देऊ. दुसऱ्याचं जितकं कमी, तितका त्रास कमी.”

“मी दुसरा नाही. सख्खा भाऊ आहे.”

“शरीर नातं विचारत नाही, काका.”

दुपारी वहिनी बाहेर आल्या. “भावजी, समदं नीट झालं. एक बाटलीसुदीक लागली न्हाई.”

मी हात जोडले. भाऊ वाचला होता, आणि मला मात्र संधी हुकल्याचे वाईट वाटत होते. थोडे अधिक रक्त वाहिले असते तर, असाही विचार मनास शिवून गेला. त्या विचारासाठी मी स्वतःला अजून माफ केलेले नाही.

वॉर्डात हलवल्यावर दादाने मला बोलावून घेतले. वहिनींनी खजुराची हकिकत त्याला सांगितली होती. हसू आले तशी टाके दुखू नयेत म्हणून त्याने छातीशी उशी दाबून धरली.

“रक्ताचं काय, ते आपसूक भरून येतं. बांधाचा अर्ज माघारी घे.”

“त्याला कारण नमूद करावे लागते,” माझ्या तोंडून निघून गेले.

“मग लिव की. लोकांची लई लिवतो.”

काल कचेरीबाहेर कागद पुढे ओढला. ‘उभयतांत आपसात तडजोड झाल्याने’ ही आमची ठरलेली ओळ हाताने आपोआप लिहिली. परंतु तडजोडीत दोघांना काही सोडावे लागते. दादाने सोडावे असे त्याने काही घेतलेच नव्हते.

ती ओळ मी खोडली. ‘अर्जदाराची तक्रारच खोटी होती’ असे लिहून खाली सही केली.