पिसं कुणी घालत नाही

“हिला अजून काळी करा. आदिवासी वाटत नाही.”

सर रंगपटाच्या दारात उभे राहून म्हणाले. आरशात मला ते माझ्या डोक्याच्या वर दिसत होते. पांढरा झब्बा, हातात नाटकाची वही. रंगभूषा करणारे मामा माझ्या गालावर स्पंज फिरवत होते. ते थांबले.

“साहेब, पोरगी मुळातच सावळी आहे.”

“अहो, शेवटच्या रांगेला दिसलं पाहिजे. लावा.”

मामांनी काळा रंग तळहातावर घेतला आणि माझ्या तोंडाला फासला. कपाळ, मान, कान. मग दंड. मग पाय, गुडघ्यापर्यंत. डोक्याला कोंबडीच्या पिसांचा पट्टा. गळ्यात थर्माकोलच्या हाडांची माळ. शेजारच्या खुर्चीवर आमच्या नाटकातला राजा बसला होता. धंद्याने दातांचा डॉक्टर, रंगाने गोरापान. त्यालाही तोच रंग. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “आता आपण एका जातीचे.” सगळे हसले.

मीही हसले. ते लिहायलाच पाहिजे. मीही हसले.

मी पेठ तालुक्यातली. कोकणा आदिवासी. डोंगराच्या अंगाला आमचा पाडा. भात आणि नागली. दिवाळीनंतर अर्धा पाडा द्राक्षांच्या कामाला खाली उतरायचा. मी आश्रमशाळेत शिकले, बारावी झाले, नाशिकला सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले. पंचवटीत खोली घेतली. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट.

खोलीवर एकटी असताना मी आरशासमोर बोलायची सवय करत असे. ‘हाय’चं ‘आहे’. ‘नाय’चं ‘नाही’. ‘व्हतं’चं ‘होतं’. कचेरीत कुणी गाव विचारलं तर सांगायची, “नाशिकजवळच.” पुढचं विचारू नये म्हणून लगेच फाईल उघडायची.

एक गोष्ट मात्र मला लपवता येत नव्हती. मला नकला येत. स्नेहसंमेलनात मी आमच्या मोठ्या साहेबांची नक्कल केली. सही करण्याआधी ते पेन तीनदा झटकत, ते केलं. साहेब स्वतः पोट धरून हसले. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या शैलाताई गंगापूर रोडच्या एका हौशी नाटकमंडळीत होत्या. त्या म्हणाल्या, “तू आमच्याकडे यायलाच पाहिजेस.” मला वाटलं, आता मी खरी नाशिकची झाले.

मंडळी विनोदी आणि संगीत नाटकं करायची. सगळे नोकरीधंद्यातले. संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम. सर म्हणजे दिग्दर्शक. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, बोलायला गोड, सगळ्यांना बेटा म्हणायचे. पहिल्या वर्षी मी विंगेत बसून वाक्यं पुरवली. दुसऱ्या वर्षी मोलकरीण. चार वाक्यं होती. चारही वाक्यांना मी हशा घेतला. तिसऱ्या वर्षी सर म्हणाले, “बेटा, हे नाटक तर तुझ्यासाठीच लिहिलंय.”

नाटक असं. शहरातलं एक कुटुंब सहलीला जातं. जंगलात गाडी बंद पडते. जंगली लोक त्यांना धरतात. जंगल्यांचा राजा जावयाला शिजवून खायचं ठरवतो. राजाची मुलगी जावयावर भाळते. ती मुलगी मी.

भूमिका मोठी होती. दोन अंकांत होती. मला दुसरं काही दिसलंच नाही.

“तुमच्याकडचं एखादं गाणं दे ना,” सर म्हणाले. “ओरिजिनल पाहिजे.”

माझी आई धवलेरी. आमच्याकडे लग्नाला भटजी नसतो. धवलेरी बाई गाणं म्हणते आणि त्या गाण्यानं लग्न लागतं. आसपासच्या पाड्यांतली कितीतरी लग्नं माझ्या आईनं लावलीत. लहानपणापासून तिच्या मांडीशी बसून ती गाणी मी ऐकली. त्यातलं एक मी सरांना दिलं. नवरीला हळद लागते तेव्हाचं. कुणी हिसकावलं नाही. मीच दिलं, चांगलं नाव होईल म्हणून.

चाल सरांना फार आवडली. शब्द आवडले नाहीत. “कुणाला कळणार हे?” चाल तिप्पट जलद केली. शब्दांच्या जागी हुर्र, हुय्या आणि जिभेचे आवाज घातले. जावयाला मोठ्या भांड्यात बसवायचं आणि त्याच्याभोवती आम्ही ते म्हणत नाचायचं.

मी म्हटलं, “सर, हे लग्नातलं आहे.”

“अगं, मग ह्याचंही लग्नच आहे. मसाल्याशी.”

हॉलभर हशा.

दुसऱ्यांदा मी पिसांबद्दल बोलले. “सर, आमच्याकडे पिसं कुणी घालत नाही.”

“बेटा, प्रेक्षकांना खरं नको असतं. गंमत पाहिजे असते.”

दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा नाही सांगितलं. भूमिका जाईल ही भीती होती.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी. मोठं नाट्यगृह, एक खुर्ची रिकामी नव्हती. आईला आणि दादाला मीच बोलावलं होतं. आई नवं लुगडं नेसून पेठहून एसटीनं आली. नाटक पहिल्यांदाच बघत होती. मी त्यांना मागच्या रांगेत बसवलं आणि रंगपटात गेले.

नाटक तुफान चाललं. भांड्याच्या नाचाला लोकांनी पुन्हा पुन्हा टाळ्या वाजवल्या. आम्ही तो दोनदा केला. पडदा पडला तेव्हा मी घामानं निथळत होते आणि मला खूप आनंद झाला होता. हेही लिहायलाच पाहिजे.

दादा आईला घेऊन मागच्या दारानं आत आला. आईनं मला ओळखलं नाही. माझ्यासमोरून पुढे गेली. मी हाक मारली तेव्हा आवाजावरून वळली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

सरांनी तिला पाहिलं. लुगडं, हातावरचं गोंदण, कानातल्या बाळ्या.

“अरे वा! ओरिजिनल आली!” सर ओरडले. “फोटो, फोटो!”

राजाला बोलावलं. त्याच्या सैनिकांना बोलावलं. आईला मधे उभं केलं. कुणीतरी तिच्या हातात थर्माकोलचा भाला दिला. ती धरून उभी राहिली. दोन्ही बाजूंना काळं फासलेले डॉक्टर, वकील, शिक्षक, जिभा बाहेर काढून. फ्लॅश उडाला. आईनं डोळे मिटले. “पुन्हा एकदा,” सर म्हणाले. “डोळे उघड मावशी.”

मी तिथंच होते. कापसाला खोबरेल लावून तोंड पुसत होते.

त्या रात्री दोघं माझ्या खोलीवर राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पेठ नाक्यावर एसटीची वाट बघत होतो. दादा तिकडे गाडीची चौकशी करायला गेला. तेव्हा आई म्हणाली,

“चाल वळखली मी. शबूद कुठं टाकलंस?”

मी तिची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“ते गानं म्हनायच्या दिवशी मी जेवत नाय. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हनते. तिचं बरं व्हावं म्हनून.” मग म्हणाली, “त्या लोकांना ठावं नाय. तुला तं ठावं व्हतं ना?”

एसटी आली. ती चढली. खिडकीतून तिनं हात केला नाही.

मी त्या दिवशी कचेरीत गेले नाही. रामकुंडाच्या बाजूनं नुसती चालत राहिले. सरांचा राग आला होता, पण आईचा प्रश्न त्यांना नव्हता, मला होता. तोंडाला रंग मामांनी लावला असेल. गाण्याला मी लावला होता.

दुसरा प्रयोग पंधरा दिवसांनी, रविवारीच, सकाळी अकराला. मामांनी डबा उघडला.

“मामा, नको.”

“साहेबांना विचारलंस?”

“नाही.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. डबा बंद केला. “मग मी चहाला गेलो होतो,” म्हणाले आणि खरंच बाहेर गेले.

मी सोबत आणलेलं लुगडं नेसले, आई नेसते तसं. माळ नाही, पट्टा नाही. तिसरी घंटा झाल्यावरच विंगेत गेले. सरांनी अंधारात मला पाहिलं.

“हे काय? रंग कुठाय?”

“हे माझं तोंड आहे, सर.”

एंट्री आली. मी आत गेले.

पहिला प्रवेश कसाबसा झाला. राजा वाक्यं विसरला. मग भांडं आलं. पेटीवाल्यानं जलद चाल धरली. मी हात वर केला. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं लय खाली आणली. आणि मी म्हटलं. आई म्हणते त्या लयीत, आईच्या शब्दांत. हळदीचं कडवं, मामाच्या गावाचं कडवं, उंबरठ्याचं कडवं. राजा भाला धरून उभा. भांड्यातला जावई मान वर काढून बघत राहिला.

लोक हसले. सवयीनं हसले. मी थांबले. हसणं संपेपर्यंत थांबले. पुन्हा म्हणू लागले. मागून कुणीतरी ओरडलं, “अहो, विनोदी नाटक आहे ना हे?” तरी म्हटलं. संपल्यावर टाळी पडली नाही. एकही नाही.

मी राजाकडे वळले आणि सगळ्या नाट्यगृहाला ऐकू जाईल असं माझ्या घरच्या बोलीत म्हणाले, “हे लगनाचं गानं हाय. भांड्याभवती म्हनायचं नाय.”

आणि निघून आले.

नाटक बंद पडलं नाही. राजाच्या मुलीशिवाय त्यांनी ते रेटलं. मी रंगपटात पोचायच्या आधीच मागे पुन्हा हशा पिकला.

पडदा पडल्यावर सर आले. पहिल्यांदाच बेटा म्हणाले नाहीत.

“लाज वाटते का? तुला आम्ही माणसांत आणलं.”

“मी माणसांतूनच आले होते, सर.”

“चालती हो.”

मी चालती झाले.

शैलाताई त्यानंतर माझ्यासोबत डबा खात नव्हत्या. महिन्याभरानं म्हणाल्या, “तू शांतपणे सांगायला हवं होतंस.” मी म्हटलं, “दोनदा सांगितलं होतं. तुम्ही तिथंच होतात. हसत होतात.” त्यांनी फाईल ओढली.

मी चारेक वर्षं नाटकाच्या वाटेला गेले नाही. मग पेठ रोडला आदिवासी मुलींच्या वसतिगृहातल्या बाईंनी विचारलं, मुलींचं स्नेहसंमेलन बसवाल का? गेले. मुली पेठ, सुरगाणा, हरसूलच्या. म्हटलं, काय करायचं? एकसुरात उत्तर आलं, “आदिवासी नृत्य!”

सुरगाण्याकडची एक मुलगी पुढे आली. “मॅडम, पिसं कुठून आनायची?”

मी तिला जवळ बोलावलं.

“तुझ्या घरी पिसं कोण घालतं?”

तिनं बराच विचार केला. “कोनीच नाय.”

“मग?”

“पन नाचात घालत्यात ना. टीव्हीत दाखवत्यात.”

सरांचा राग येणं सोपं होतं. सर आमच्या पोरींच्या डोक्यात येऊन बसले होते, तिथून त्यांना हाकलायला नुसता राग पुरणार नव्हता. आणि त्यांनी विनोद वाईट केला म्हणून मी विनोद सोडला होता, तो का? तो माझा होता. मोठ्या साहेबांचं पेन झटकणं माझं होतं.

आम्ही नाटक बसवलं. पाड्यावर सर्वे करायला एक साहेब येतो. फॉर्ममधले प्रश्न विचारतो: घरात माणसं किती, पंखे किती, तुमची रूढी काय? एक म्हातारी एकेक उत्तर देते आणि मग त्यालाच उलटे प्रश्न विचारायला लागते. तुला पोहता येतं का? तुझ्या रानात कुठल्या भाज्या उगवतात? तुझ्या आईला शेवटचं कधी भेटलास? साहेब घामाघूम. सगळं आमच्या बोलीत, मधे मधे गाणी. गाण्यांसाठी आईला आणलं. ती तालमीत भिंतीला टेकून बसायची आणि निवडायची. “हे खेळात घे. हे नको, हे देवाचं हाय.” मी तिनं नको म्हटलेलं एकही घेतलं नाही.

पेठच्या बाजाराच्या दिवशी केलं. नाशिकच्या एका बौद्ध वसाहतीत, विहारासमोरच्या पटांगणात केलं. तिथल्या बायकांना आमची बोली अर्धीच कळली. तरी म्हातारीच्या पहिल्याच उलट्या प्रश्नाला त्या अशा हसल्या की साहेब झालेल्या मुलीला पुढचं वाक्य म्हणता येईना. त्यांच्या दारातही फॉर्म घेऊन कुणी ना कुणी येऊन गेलेलंच होतं.

मग शहरातल्या स्पर्धेत उतरलो. निकालात आम्ही कुठंच नव्हतो. परीक्षकांचा शेरा मिळाला. ‘अभिनय सहज. भाषा अनाकलनीय. प्रमाण मराठीत केल्यास पुढील वर्षी विचार करता येईल.’

मुलींनी कागद हातोहात फिरवला. म्हातारी करणारी रडायला लागली. दुसरी म्हणाली, “मॅडम, आपन शुद्ध बोलू ना. येतं आम्हाला.”

येतं हे मला माहीत होतं. मलाही येतं. तुम्ही आत्ता वाचताय ना, ते त्याच मराठीत आहे. ती शिकायला मी आरशासमोर वर्षं घालवली. माझी बोली शिकायला त्यांच्यातलं कुणी एक दुपार घालवली नाही.

मी म्हटलं, “नाही. उद्यापासून तालीम. हेच नाटक.”

पुढच्या वर्षी स्पर्धेला तेच नाटक भरलं. अर्जात भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ छापलेलंच होतं. ते खोडलं नाही. त्याच्यापुढे पेनानं लिहिलं, ‘आमची.’

पुन्हा तोच शेरा आला तर त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा भरू. एक शब्द बदलणार नाही. कळेपर्यंत करू. नाहीच कळलं त्यांना, तरी करू.